रिकाम्या गावाची कादंबरी

आचरे, 9 जुलै

काकांच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरची कुपने सापडली, त्याला सहा वर्षे झाली. पैसे देताना पोस्टमन फॉर्मचा जो तुकडा फाडून हातात ठेवत असे, त्यावर निरोपासाठी जेमतेम चार ओळींची जागा असे, आणि लालबागच्या गिरणीत नोकरीला असलेल्या काकांनी त्या चार ओळींत वर्षानुवर्षे संसार चालवला. ‘रु. 120 पाठवले. भात झोडून झाले का कळवणे. म्हशीस जपणे.’ शेवटचे कूपन 11 जानेवारी 1982 चे आहे. पुढच्याच सोमवारी, 18 जानेवारीला, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला.

विषय मिळाला म्हणून मी हुरळलो आणि चाळीस पाने लिहून काढली. त्यांत अडीच लाख कामगार होते, संपाचे नेते दत्ता सामंत होते, गिरणगावातल्या सभा होत्या. काका मात्र कुठेच नव्हते. जुनी वर्तमानपत्रे चाळून लिहिलेला मजकूर वर्तमानपत्रासारखाच वाचला जातो, हे कळायला मला ती चाळीस पाने खर्ची घालावी लागली. वही बंद केली. विषय आणि कादंबरीचे बीज यांत मी गल्लत करत होतो.

बीज मिळाले ते भलत्याच गोष्टीतून. मालवण तालुक्यातल्या आमच्या आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. श्री रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह वेशीबाहेर जातो, तीन दिवस आणि तीन रात्री राहुट्यांतून राहतो आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी काकी त्या दिवसांच्या गमती सांगत होती, डालग्यातून निसटलेल्या कोंबडीमागे सासरे कसे धावले ते रंगवत होती, आणि मी हसता हसता मधेच थांबलो. संपाच्या अकराव्या महिन्यात, मार्गशीर्षात, खिशात एसटीच्या परतीच्या भाड्याचेही पैसे नसलेला एक माणूस पहाटे गावात उतरतो आणि गावात कोणीच नाही, असे झाले तर?

त्यानंतर प्रश्न आपोआप सुचू लागले. गावचाच माणूस, त्याला गावपळण ठाऊक कशी नसेल? पद्धत ठाऊक आहे, पण दिवस कौलावर ठरतो आणि बायकोचे पत्र त्याने केव्हाच सोडलेल्या खोलीच्या पत्त्यावर गेले. वेशीबाहेरच्या राहुट्या त्याला दिसल्या नाहीत का? अंधारात तो आडवाटेने आला, कारण हात हलवत परतताना कोणी बघू नये असे त्याला वाटत होते. हे उत्तर मिळाले तेव्हा मला तो माणूस पहिल्यांदा दिसला. संपाबद्दल आता वेगळे काही लिहावे लागणार नाही. संप त्या आडवाटेत आला आहे. (गावाचे नाव मी काल्पनिकच ठेवणार आहे, नाहीतर गावपळणीच्या सालावरून पारावर माझी उलटतपासणी व्हायची.)

तिसरे प्रकरण गेल्या आठवड्यात पुरे झाले. त्यात तो आपल्याच घराच्या कुलपाकडे पाहत दिवसभर पायरीवर बसून राहतो. त्या कुलपावर मी दोन पाने लिहिली होती आणि ती मला फार आवडली होती.

आज दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता आणि काकी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी सहज विचारले, “काकी, गावपळणीक जाताना तू कुलूप खंयचा लावीस?”

तिने मान वर केली नाही. “कुलूप कित्याक, झिला? गाव तेव्हा देवाच्या ताब्यात. दार नुसता ओढून घेवचा.”

म्हणजे दार उघडेच होते. त्याला आत जाता येत होते आणि त्याने जायचे नव्हते. तिसरे प्रकरण मी संध्याकाळी फाडले. पायरी तेवढी ठेवली आहे.