सातवी ब, जेवणाच्या सुट्टीनंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी राजीनामा लिहून ठेवला होता. चौदा वर्षं बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतेय. सकाळी दांडिया बाजारातून स्कूटर काढायची, काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी येईपर्यंत पोटात गोळा. कारण सातवी ब. ५२ मुलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. टेबलावर डस्टर आपटून आपटून पोचा पडला होता. रात्री आईशी बोलायला आवाज उरत नसे. आणि हे स्टाफरूममध्ये सांगायची सोय नाही. वर्ग आवरत नाही म्हटलं की बाई कच्ची, असाच समज.

जानेवारीत शाळेने पाच शनिवारांचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला एक निवृत्त बाई आल्या. पहिलाच प्रश्न, "घसा कोणाकोणाचा बसतो?" आम्ही बावीस जण. सतरा हात वर गेले. ज्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, त्या गणिताच्या सरांचाही. मला तिथेच भरून आलं.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वर्गात आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली, ती व्हायलाच हवी होती. पण ओरडण्याऐवजी करायचं काय, हे मला बी.एड.लाही कोणी हाताला धरून दाखवलं नव्हतं.

बाईंनी दाखवलं. दारात उभं राहून एकेकाला नावाने आत घ्यायचं. दंगा करणाऱ्याच्या शेजारी जाऊन हळू बोलायचं. आणि प्रश्न विचारून थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की जास्त मुलं बोलतात, उत्तरंही लांबतात.

सोमवारी सातवी ब मध्ये विचारलं, झाडाला पाणी कमी पडतंय हे कशावरून ओळखाल? मनात मोजलं. एक. दोन. पुढच्या बाकावरचे हात वर आलेच होते, तरी थांबले. तीन. शेवटच्या बाकावरून, जूनपासून तोंड न उघडलेला मुलगा म्हणाला, "बेन, पांदडां ढीलां पडी जाय." म्हणजे, बाई, पानं ढिली पडतात. वर्ग वळून त्याच्याकडे बघत राहिला.

५२ मुलं मात्र अजून ५२च आहेत. कायदा सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. प्रशिक्षण दिलं म्हणून ही मागणी सोडायची नाही, हे मी बैठकीत सांगितलंय.

आता आम्ही एकमेकांच्या वर्गात मागे जाऊन बसतो. शेरा नाही, अहवाल नाही. यंदा रुजू झालेल्या बेनने परवा डबा खाताना हळूच विचारलं, तुमचाही आवाज बसायचा का? म्हटलं, अजून बसतो कधी कधी. शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी तिच्या वर्गात बसणार आहे.