तुम्ही विचारलंत म्हणून: मायक्रोबायोलॉजीत पाठांतरच असतं का?

मायक्रोबायोलॉजी आणि इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास) घेतली की जंतूंची नावंच पाठ करायची का, आणि पुढे काम कसलं मिळतं? हे दोन प्रश्न बहुतेक जोडीनेच येतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नावं पाठ होतातच. अवघड असतं ते विश्वास ठेवण्याजोगा आकडा काढणं. द्रवात जिवंत जिवाणू किती, हे मोजायचंय असं समजा. 1 मिली नमुना 9 मिली निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळला की तो दहापट विरळ होतो. त्यातला 1 मिली पुढच्या 9 मिलीत, असं एकूण पाच वेळा विरळ करायचं. शेवटच्या नळीतला 0.1 मिली पोषक जेलच्या प्लेटवर पसरवून 120 कॉलनी (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) आल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलीला साधारण 12 कोटी. गणित सोपं आहे, गडबड हातात होते. पिपेटची एकच टिप सगळ्या नळ्यांत फिरवली तर तिला चिकटलेले जिवाणू पुढे जातात आणि आकडा फुगतो. नळी नीट ढवळली नाही तर जोडीच्या दोन प्लेट जुळत नाहीत. 30 पेक्षा कमी कॉलनी असल्या तर योगायोगाचा वाटा फार, 300 च्या वर गेल्या तर त्या एकमेकींत मिसळतात.

ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जिवाणू रंगवून त्यांचे जांभळा आणि गुलाबी असे दोन गट ओळखतात) रंग धुणारं अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं, की जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात. कल्चर (वाढवलेले जिवाणू) शिळं असेल तर पेशीभित्तिका कमकुवत झालेली असते, मग वेळ बरोबर पाळूनही तेच होतं. म्हणून ताजं कल्चर घ्या आणि शेजारी माहितीतला एक जिवाणू रंगवा.

इम्युनॉलॉजीत हीच शिस्त लागते. एलायझात (अँटिबॉडी आणि ती जिला चिकटते ते अँटिजेन यांच्या जोडीवरून, रंग पाहून मोजणारी चाचणी) ब्लॉकिंग, म्हणजे खळग्यातली रिकामी जागा झाकणं, किंवा धुणं कमी पडलं की कोऱ्या खळग्यांनाही रंग येतो. याहून फसवा प्रकार उलटा असतो: सँडविच एलायझा (अँटिजेन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात ती) एकाच टप्प्यात केली आणि अँटिजेन अतिशय जास्त असलं, तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात, सँडविच जुळतच नाही आणि आकडा कमी येतो. संशय आला तर नमुना विरळ करून पुन्हा लावा. आकडा वाढला तर कारण सापडलं.

आता कामाचं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू ओळखून कोणतं प्रतिजैविक चालेल ते तपासतात. औषध कारखान्यात इंजेक्शनांची निर्जंतुकता चाचणी 14 दिवस चालते, हवेच्या आणि पृष्ठभागांच्या प्लेट रोज वाचाव्या लागतात. अन्न आणि पाणी तपासणी, लसनिर्मिती, निदान किट बनवणं ही कामंही आहेत. स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पीएचडी बहुधा लागतेच. मात्र बी.एस्सी. झाली म्हणजे रुग्णालयात तपासणीच्या अहवालावर सही करता येते असं धरू नका. बऱ्याच देशांत त्यासाठी वेगळी पात्रता किंवा नोंदणी लागते.

कोर्स निवडताना तीन गोष्टी विचारा: आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती, एका गटात किती विद्यार्थी, आणि मीडिया (जिवाणू वाढवायचं पोषक मिश्रण) विद्यार्थी स्वतः बनवतात की तयार प्लेट हातात मिळते.