कोपऱ्यातले खडू

समुपदेशनाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या खोलीचा एक कोपरा मुलांसाठी राखलेला असे. कुटुंब आले की मी मुलाला तिथे कागद आणि तेलखडू देऊन बसवत असे आणि मोठ्यांशी बोलायला लागत असे. मूल शांत राहते याचे मला समाधानही वाटे. प्रत्यक्षात ज्याच्यासाठी ती मंडळी नागपूरच्या उन्हातून आली होती, त्यालाच मी बोलण्याबाहेर काढत होते. कान मात्र त्याचे आमच्याकडेच असत.

आता तोच कागद सर्वांच्या मध्ये पसरलेला असतो. प्रत्येकाने एकच रंग निवडायचा, तो शेवटपर्यंत बदलायचा नाही आणि दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. हेलन लँडगार्टन या कला-उपचारतज्ज्ञ बाईंनी ही रीत कुटुंबांसाठी वापरली. रंग ठरलेला असल्यामुळे आधी कोणी सुरुवात केली, मधली जागा कोणी घेतली आणि कोणाची रेघ कोणाच्या रेघेवर चढली, हे चित्र संपल्यावरही कागदावर राहते. एकदा नऊ वर्षांच्या मुलाने कडेला हिरवे घर काढले आणि वडिलांनी निळ्या खडूने त्याची वाकडी भिंत सरळ करून दिली, तेव्हा मुलाने खडू खाली ठेवला. नंतर मी एवढेच विचारले, की हे घर कोणी काढले. वडील बराच वेळ निळ्या रेघेकडे पाहत राहिले.

(चित्रात काळा रंग दिसला की पालक घाबरून अर्थ विचारतात. पुष्कळदा अर्थ इतकाच असतो, की काळा खडू हाताशी होता.)

ऑस्ट्रेलियातील कुटुंब-उपचारतज्ज्ञ मायकेल व्हाइट यांनी १९८०च्या दशकात मुलाची अडचण मुलापासून वेगळी काढून तिला नाव देण्याची पद्धत मांडली. मूल म्हणजे समस्या नव्हे, समस्या ही बाहेरून त्रास देणारी गोष्ट आहे आणि तिच्याविरुद्ध सारे घर एका बाजूला उभे राहू शकते, असा तो विचार आहे. आपल्याकडे तो समजावायला फार कष्ट पडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे शेवटी जाळायचे पुतळे, असतात आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी इथल्या लेकरांना पाठ असते.

म्हणून भांडी आपटणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलाच्या घराला मी रागाचा बडग्या करायला सांगितले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझी एकच अट असते, की बडग्याला घरातल्या कोणाचे तोंड द्यायचे नाही. आईने जुनी वर्तमानपत्रे चुरगाळली, आजोबांनी सुतळी बांधली आणि मुलाने अट मोडून बडग्याला हुबेहूब आजोबांचा चष्मा काढला. खोली गप्प झाली. अट मोडली म्हणून मुलाला टोकण्याऐवजी, हा राग आणखी कोणाकडे जातो का, असे मी सर्वांनाच विचारले.

"माझ्याकडे त रोजच येते बाप्पा," आजोबा म्हणाले.

खोलीत काही पेटवण्याची सोय नसल्याने बडग्याचे दहन राहून गेले. नातवाने तो दाबून आजोबांच्या पिशवीत कोंबला आणि पुढच्या भेटीला येताना आजोबांनी तो आठवणीने परत आणला.