ताईच्या थायरॉइडची तपासणी
आज ताईला इंदूरमधल्या पलासियाला नवीन डॉक्टरांकडे नेलं. डिप्रेशनच्या गोळ्या बदलून, डोस वाढवूनही फरक नाही म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं थंडी जास्त वाजते का, केस गळतात का, वजन वाढलंय का, आणि लगेच टीएसएच, फ्री टी४ अन् अँटी-टीपीओ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड कमी पडला की मन पण मंदावतं, आणि लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) घेणाऱ्यांचा तर त्या गोळीनेही बिघडू शकतो. इतके दिवस सगळे तिला "मन रमव, राजवाड्यावर फिरून ये" सांगत होते, फार राग येतो मला त्याचा! रिपोर्ट उद्या. थायरॉइड निघालाच तरी लगेच बरं वाटेल असं नाही, गोळी सुरू केल्यावर टीएसएच परत ६ ते ८ आठवड्यांनी बघतात, आणि तोवर डिप्रेशनची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे त्यांनी ताईला बजावून सांगितलंय.