तुम्ही विचारलंत म्हणून: न जिंकलेली पदकं

"ही सगळी तुम्ही जिंकलीत?" खण उघडून दाखवला की पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं की दुसरा, "मग दुसऱ्यांची पदकं कशाला जमवता?" आणि ट्रेमध्ये मेरी, संत बेनेडिक्ट, एखादा पोप दिसला की तिसरा, जरा आवाज खाली आणून, "तुम्ही ख्रिश्चन आहात का?" नाही, मी ख्रिश्चन नाही. शाळेच्या शर्यतीतही मला कधी काही मिळालेलं नाही. पण हे इतक्यांदा विचारून झालंय की म्हटलं एकदाचं उत्तर लिहूनच टाकावं.

थोडा घोळ शब्दामुळे होतो. पदक म्हटलं की आपल्याला विजेता, व्यासपीठ आणि राष्ट्रगीत दिसतं. पण पदक हा आपल्याकडे मुळात छातीवर रुळणारा दागिना. माझ्या खणाला तो जुना अर्थच जास्त लागू पडतो. त्यात दोन जातींची पदकं आहेत. एक स्मृतिपदकं: राज्याभिषेक, तह, लढाई, शताब्दी अशा कशाची तरी आठवण म्हणून पाडलेली. दुसरी धार्मिक: गळ्यात घालायची, जपमाळेला अडकवायची. दोन्हींनी बाजारात काही विकत घेता येत नाही. नाण्यामागे सरकार उभं असतं, पदकामागे कुणी नसतं. त्यामुळे पदकावर वाटेल ते कोरता येतं. आणि लोकांनी ते कोरलंयही.

ज्याला अशा पदकांतलं आद्य मानतात, ते पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने १४३८-३९च्या सुमारास केलं. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चर्चमध्ये समेट घडवायला आधी फेरारा आणि मग फ्लॉरेन्स इथे परिषद भरली होती, आणि तुर्कांविरुद्ध मदत मिळेल या आशेने बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस तिथे आला होता. पिसानेल्लोने जवळजवळ तळहाताएवढं पदक ओतलं. एका बाजूला उंच टोकदार टोपी घातलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला तोच सम्राट घोड्यावर, वाटेतल्या क्रूसासमोर हात जोडून. म्हणजे माझे दोन्ही विभाग पहिल्याच पदकात एकत्र आहेत. समेट टिकला नाही, १४५३मध्ये बायझंटाइनांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडली. ती टोपी मात्र राहिली.

जमवायला लागल्यावर माझा जीव आधी जडला तो खोट्या पदकांवर. बनावट नव्हेत हं, पदकं अस्सल; त्यांच्यावर लिहिलेलं खोटं. ब्रिटिश ॲडमिरल व्हर्ननने १७३९मध्ये फक्त सहा जहाजं घेऊन स्पेनचं पोर्तोबेलो घेतलं. पनामाच्या किनाऱ्यावरचं हे बंदर. इंग्लंडमध्ये एवढा जल्लोष झाला की व्हर्ननची स्वस्त पितळी पदकं ढिगाने निघाली. मग १७४१मध्ये तो आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनावर चालून गेला. पहिल्या बातम्या चांगल्या आल्या आणि पदकं पाडणाऱ्यांना धीर धरवला नाही. स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो व्हर्ननसमोर गुडघे टेकून तलवार देतोय, असं चित्र बाजारात आलंसुद्धा. प्रत्यक्षात कार्ताहेना पडलंच नाही. पीतज्वराने हजारो माणसं गमावून व्हर्नन माघारी फिरला. ब्लास दे लेसोचा एक पाय कधीच तुटला होता आणि एक डोळाही गेला होता. पदकावर बिचारा दोन्ही धड पायांनी गुडघे टेकतोय. माझ्याकडच्या नगावर कारागिरी सुमार आहे, व्हर्ननचं नाक बटाट्यासारखं आहे. तरी हे पदक मी कुणाला देणार नाही.

नेपोलियन त्याच्याही पुढचा. इंग्लंडवर स्वारीची तयारी चालू असतानाच त्याने विजयाच्या पदकाचा साचा तयार ठेवला होता. त्यावर फ्रेंचमध्ये कोरलंय, 'लंडनमध्ये पाडलं, १८०४'. लंडनला तो कधी पोचलाच नाही.

आणि तारखेची चूक अंगाशी यावी असं एक प्रकरण म्हणजे लुसिटानियाचं. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं, सुमारे १२०० माणसं गेली. म्युनिकच्या कार्ल गोट्झने त्यावर टोमणा मारणारं पदक केलं. मागच्या बाजूला तिकिटाच्या खिडकीत सांगाडा बसलाय आणि रांगेतल्या लोकांना तिकिटं देतोय, वर लिहिलंय 'सगळ्यांत आधी धंदा'. रोख जहाज कंपनीवर होता: धोका माहीत असूनही प्रवासी नेले म्हणून. पण गोट्झने तारीख घातली ५ मे. ब्रिटिशांनी हे पदक उचललं आणि म्हणाले, बघा, जहाज बुडायच्या दोन दिवस आधीच यांचं पदक ठरलं होतं! मग त्यांनी त्याच्या लाखो नकला काढून माहितीपत्रकासह डबीत घालून विकल्या. गोट्झने नंतर ७ तारखेचं पदक काढलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अस्सल आणि नक्कल ओळखायची सोपी खूण महिन्यात आहे: जर्मन पदकावर 'माइ', ब्रिटिश नकलेवर 'मे'. माझ्याकडे नक्कल आहे. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते, कारण मूळ पदकाने केली नसती तेवढी कामगिरी तिने केली.

सगळंच गंमतीचं नाही. १५७२मध्ये फ्रान्समध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवसापासून प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, आणि पोप तेराव्या ग्रेगरीने त्याचं स्मृतिपदक पाडून घेतलं. एका हातात क्रूस, एका हातात तलवार घेतलेला देवदूत, पायाशी पडलेली माणसं, आणि लॅटिन शब्द, 'ह्यूगेनॉटांचा', म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचा, 'संहार'. याची मागाहून पाडलेली प्रत मला एकदा मिळत होती. हातात घेतली, भिंगाखाली पाहिली, परत दिली. का, ते तेव्हा सांगता आलं नाही, आताही नीट येत नाही. श्रीरंगपट्टणचं पदक मात्र मिळालं तर घेईन. ४ मे १७९९, टिपू पडला तो दिवस. इंग्रजांच्या सिंहाने म्हैसूरचा वाघ खाली दाबलाय. चित्र सगळ्यांना एकच, धातू हुद्द्याप्रमाणे: वरच्यांना सोनं, मग उतरत चांदी, ब्राँझ आणि साध्या शिपायाला कथील.

धातूवरून आठवलं, माझी पहिली मोठी चूक. सुरुवातीला घेतलेल्या पदकांत एक ब्राँझचं होतं, गडद चॉकलेटी, खोबणींत काळसर. मला ते मळकं वाटलं. पॉलिश लावून मऊ कापडाने तासभर घासलं. शेवटी माझ्या हातात पितळी बटणासारखं पिवळंधमक काहीतरी उरलं. तो चॉकलेटी रंग मळ नव्हता, पदक करणाऱ्यानेच मुद्दाम चढवलेला लेप होता आणि त्यावर वर्षांनी आपला थर दिला होता. तो परत येत नाही. ते पदक मी अजून खणात सगळ्यांत पुढे ठेवते, नव्या माणसाला दाखवायला.

दुसरी चूक कडेची. नेपोलियनच्या एका विजयाचं पदक मी त्याच्याच काळातलं समजून घेतलं. दोन्ही बाजू पाहिल्या, कड पाहिलीच नाही. घरी भिंगाखाली फिरवलं तर कडेवर इवलीशी मधमाशी. पॅरिसची टांकसाळ पदकांच्या कडेवर खूण उमटवते: १८३२पासून दिवा, मग जहाजाचा नांगर, जहाजाची नाळ म्हणजे पुढचं टोक, बोट दाखवणारा हात, १८६०पासून मधमाशी, १८८०पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. म्हणजे माझं पदक नेपोलियन जाऊन निदान चाळीसेक वर्षं झाल्यावर जुन्या ठशावरून पुन्हा पाडलेलं. विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. आता मी कुठलंही पदक आधी कडेवरून बघते.

तर, धार्मिक पदकं. तिसरा प्रश्न यांच्यामुळे येतो आणि खरं उत्तरही यांच्यातच आहे.

संत बेनेडिक्टच्या पदकाकडे मी गेले ती कोडं म्हणून. मागे एक मोठा क्रूस आणि त्याच्यावर, भोवती सुटी अक्षरं. वरचा 'पाक्स' (शांती) सोडला तर शब्द एकही नाही. १६४७मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात जादूटोण्याच्या एका खटल्यात आरोपी बायका म्हणाल्या की मेटनच्या मठावर आमचं काही चालत नाही, तिथे क्रूस आहे. शोधल्यावर मठाच्या भिंतींवर क्रूसांसोबत ही अक्षरं सापडली, आणि त्यांचा अर्थ मठातल्याच एका जुन्या हस्तलिखितात. लॅटिन ओळींची ती आद्याक्षरं होती. क्रूसाच्या उभ्या पट्टीवर 'पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो', आडव्यावर 'सर्प माझा वाटाड्या न होवो', आणि कडेने सैतानाला 'चालता हो'. आज सगळीकडे दिसतो तो नमुना १८८०चा, बेनेडिक्टच्या जन्माला १४०० वर्षं झाली तेव्हाचा. त्या बायकांचं पुढे काय झालं, या प्रश्नावर पदक गप्प आहे.

पण खणात सगळ्यांत जास्त जागा खाल्लीय ती पॅरिसच्या 'चमत्कारी पदका'ने. कॅथरिन लाबुरे ही तरुण नन, रू द्यु बाक या रस्त्यावरच्या मठात नुकतीच आलेली. १८३०च्या नोव्हेंबरात तिला मेरीचं दर्शन झालं आणि असं पदक करून घे असा आदेश मिळाला, असं तिने आपल्या धर्मगुरूला सांगितलं. वाशेत नावाच्या सोनाराने ते केलं, पहिली १५०० पदकं १८३२च्या जूनअखेर हाती आली. त्या साली पॅरिसमध्ये कॉलराने थैमान घातलं होतं. नन्सनी ती आजाऱ्यांना वाटली आणि मागणी वाढतच गेली. दर्शन झालेली नन कोण, हे जगाला कळलं नाही. १८७६मध्ये मरण जवळ आल्यावर तिने वरिष्ठांना सांगितलं. तोवर चाळीसहून अधिक वर्षं ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करत होती.

या पदकावर नवखा हमखास फसतो, मीही फसले. पुढच्या बाजूला मेरीच्या पायाशी साल असतं, १८३०. ते दर्शनाचं साल. परवा पाडलेल्या पदकावरही तेच असतं. माझं पहिलं 'दोनशे वर्षांचं जुनं' पदक मी महिनाभर मिरवलं. मग कुणीतरी ते तळहातावर झेललं आणि म्हणालं, फार हलकं आहे हो. ॲल्युमिनियम! १८८६मध्ये विजेने ॲल्युमिनियम स्वस्तात वेगळं काढायची रीत सापडली, त्याआधी ही धातू भारी मोलाची होती. कॉलराच्या रुग्णांना कुणी ती वाटली नसती. तेव्हापासून धार्मिक पदकावरच्या सालाला मी विचारते, तू कशाचं साल? मग वजन, मग कडी. खूप जुन्या लंबगोल पदकांची कडी बऱ्याचदा पदकाला आडवी असते, म्हणजे दोरा सरळ आरपार जातो. अलीकडच्यांत कडी सपाट आणि तिच्यात वेगळी रिंग.

संग्राहकांच्या जगात झीज म्हणजे दोष. न वापरलेलं ते उत्तम, डबीतून न काढलेलं ते सर्वोत्तम. व्हर्नन आणि नेपोलियनला हे चालतं, ती दाखवायलाच केली होती. पण गळ्यातल्या पदकाला हाच नियम लावला की काहीतरी चुकतं. कोरं करकरीत चमत्कारी पदक म्हणजे दुकानाबाहेर न पडलेलं पदक. मला हवी असतात ती घासलेली. कुठली बाजू अंगाला लागत होती, ते हाताला कळतं. बोटाने सतत चाचपलेल्या पदकाची झीज मधोमध असते, मेरीचा चेहरा आधी जातो आणि कडेची अक्षरं शाबूत राहतात. जपमाळेला लटकणाऱ्याची खालची कड झिजते.

माझं ते ॲल्युमिनियमचं पहिलं पदक अजून माझ्याकडे आहे. 'फसवणूक' म्हणून खूप दिवस एका पाकिटात टाकून दिलं होतं. मग एकदा कड्यांचा अभ्यास करताना पुन्हा काढलं. अंगठ्याच्या नखाएवढं. वरची कडी घासून घासून तुटलेली, दोन टोकं शिंगांसारखी उभी. आणि तिच्या खाली, पदकाच्या अंगातच, कुणीतरी नवीन भोक पाडलंय. ओबडधोबड, बहुतेक खिळ्याने, कारण एका बाजूला धातू बाहेर उमललाय. मागच्या बाजूला एम अक्षर, क्रूस, दोन हृदयं आणि भोवती बारा तारे असतात. भोक नेमकं वरच्या ताऱ्यातून गेलंय. नव्या भोकाची वरची कडही दोऱ्याने गुळगुळीत झालीय, म्हणजे कडी तुटल्यावरही ते आणखी कितीतरी वर्षं कुणाच्या तरी गळ्यात होतं.

नवं मिळत होतं, आणि अगदी स्वस्तात. त्या माणसाला तेच हवं होतं.

घासणं सोडलंय मी. पदकं आम्लविरहित कागदात ठेवते, शिशाची ओकच्या पेटीपासून लांब, कारण त्या लाकडाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नोंद असते: धातू, माप, साल, कडेची खूण. या एकावर सालाच्या जागी मी रेघ मारलीय. खाली लिहिलंय, 'ॲल्युमिनियम. कडी तुटलेली. भोक नंतरचं. तारे ११.'