पाणीपट्टी

सांगलीत वाढलेल्या मुलाला पावसाळ्यात दोन गोष्टी कुणी न सांगताही ठाऊक असत: कोयनेतून पाणी सोडले आहे की नाही आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. आज मी नेदरलँड्समधील नायमेखन या शहरात, ऱ्हाइनची शाखा असलेल्या वाल नदीच्या काठी राहतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी परदेशातील वास्तव्याविषयी लिहावे, असे समितीने सुचवले आहे. परंतु तेथे जे काही मला उपयोगी पडले, ते बहुतेक गावभागातील आमच्या घरात आणि आपल्या शाळेच्या व्हरांड्यात मिळालेले असल्यामुळे सुरुवात तेथूनच करणे भाग आहे.

आमच्या घराचे जोते उंच होते. त्यामुळे नदी पात्राबाहेर आली की सखल भागातील दोन-तीन कुटुंबे वळकट्या, ट्रंका आणि कधी एखादी शेळी घेऊन आमच्याकडे मुक्कामाला येत. त्यांना कुणी बोलावत नसे आणि त्यांनाही विचारावे लागत नसे. आजी एरवी सोवळ्याओवळ्याची इतकी कडक, की आम्हा नातवंडांनाही अंघोळीशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे. पण त्या दिवसांत त्याच चुलीपुढे परक्या घरच्या बायका भाकऱ्या थापत आणि आजी पीठ मळून देत असे. पाणी ओसरले, की घर सारवून सोवळे पुन्हा सुरू होई. आठ दिवस चालणारी गोष्ट वर्षभर का चालत नाही, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. आता पडतो आणि आजीविषयीच्या मायेने तो मिटत नाही.

ज्यांना घरांत जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी शाळेचे वर्ग उघडले जात. बाके एकमेकांवर रचून भिंतीशी लावली, की एका वर्गात चार-पाच कुटुंबांची सोय होई. एका वर्षी आमच्या वर्गशिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात तास सुरू केला. नेहमीच्याच हजेरीपटावरून, नेहमीच्याच क्रमाने नावे घेतली गेली. आमच्या वर्गातील एक मुलगा त्या वेळी आई-वडिलांसह आमच्याच वर्गखोलीत राहत होता. वर्षभर उशिरा येण्याबद्दल छड्या खाणारा तो मुलगा त्या दिवशी सर्वांच्या आधी सतरंजीवर येऊन बसला होता. गुरुजी त्याला म्हणाले, "आज घर जवळ पडलं वाटतं!" सगळा वर्ग हसला, तोही हसला, आणि मग गुरुजींनी त्याला फळ्यावर उदाहरण सोडवायला उभे केले. ते त्याला आले नाही, म्हणून छडीही बसली. पूर आला म्हणून त्याला वेगळे वागवले नाही, हे त्याला किती बरे वाटले असेल, ते त्यानेच पुढे अनेक वर्षांनी मला सांगितले.

वडील मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हंगामात त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या असत. सौदा होऊन वजन झाले, की ते शेतकऱ्याची पट्टी करीत आणि ती हातात देण्यापूर्वी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवीत: वजन इतके, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी, हाती येणार इतके. समोरचा लिहिता-वाचता असला तरी वाचून दाखवीत. यात वेळ जातो म्हणून मालक कुरकुर करीत, पण वडिलांनी ही पद्धत शेवटपर्यंत सोडली नाही. सुट्टीत मी दुकानात गेलो, की पट्टीची बेरीज पुन्हा करून पाहण्याचे काम माझ्याकडे असे.

वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन, पुण्यात काही वर्षे नोकरी करून मी नेदरलँड्सला गेलो. तो प्रवास हजारो मुलांनी केलेला असल्यामुळे त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखी आहे ती तेथील पाण्याची व्यवस्था. बांध, कालवे आणि सांडपाणी सांभाळणारी जलमंडळे तेथे तेराव्या शतकापासून आहेत. ती लोकांनी निवडून दिलेली असतात आणि कायदेशीर वास्तव्य असलेला परदेशी माणूसही त्यांच्यासाठी मत देऊ शकतो. परक्या देशातील माझे पहिले मतदान पाण्यासाठी झाले, ही गोष्ट वडिलांना फार आवडली होती. या मंडळांची करआकारणी दरवर्षी घरी येते. बांधांची देखभाल किती, सांडपाण्याचे शुद्धीकरण किती, हे मी मुलीला ओळीखाली बोट ठेवून वाचून दाखवतो. पूर्वी ती कंटाळत असे. आता ती बेरीज तपासते.

१९९५ साली त्या भागातील नद्या फुगल्या, तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. आमच्या शेजारच्या आजीबाई तेव्हा गाईंसह एका अनोळखी शेतकऱ्याकडे राहिल्या होत्या आणि त्या घराशी त्यांचे जाणे-येणे अजून आहे. पुढे सरकारने नायमेखनसमोरचा बांध ३५० मीटर मागे घेतला, पन्नासेक घरे हलवली आणि नदीसाठी नवे पात्र खोदले. आपल्याकडे निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, भराव टाकून प्लॉट पाडले गेले. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा उंच जोत्याच्या आमच्या घरातही ते शिरले आणि आई-वडिलांना शेजारच्या मुलांनी होडीतून बाहेर काढून विश्रामबागेत स्वतःच्या मामांकडे पोहोचवले. मला ते फोनवरून कळत होते. त्या मुलांचे ऋण फिटणारे नाही. परंतु सांगलीकरांच्या माणुसकीचे कौतुक करताना भराव कुणी टाकू दिले हा प्रश्न बाजूला पडतो, ही माझी तक्रार आहे. माणुसकीवर दर काही वर्षांनी इतका भार टाकणे बरे नव्हे.

म्हणून आमच्या तुकडीने महोत्सवानिमित्त कमान किंवा पुतळा न देता, शाळेचे जुने हजेरीपट आणि दाखल्यांच्या नोंदवह्या वरच्या मजल्यावर हलवून त्यांच्यासाठी लोखंडी कपाटे करून देण्याचे ठरवले आहे. वर्गणी जमू लागली आहे. खर्चाची पट्टी तयार झाली की कोषाध्यक्षांनी ती सभेत ओळ न् ओळ वाचून दाखवावी, एवढी विनंती आहे. बेरीज तपासायला मी मुलीला घेऊन येणार आहे.