आधी सगळं लिहा, मग बोलू

फ्लॅटचा दर एकदा ठरतो, मागण्या मात्र हप्त्याहप्त्याने येतात. मावसभावासाठी फ्लॅट बघायला पुण्याजवळ वाकडला गेलो होतो. दर ठरला, चहा आला आणि सेल्सवाल्या मॅडम म्हणाल्या, "पार्किंगचे वेगळे हं." मग क्लबहाऊस. मग लीगल चार्जेस. एकूण किमतीपुढे प्रत्येक रक्कम किरकोळ वाटते, म्हणूनच माणूस मान डोलावत जातो. मला याची मनापासून चीड येते. समोरचा आयुष्यभराची पुंजी घेऊन बसलेला असतो हो!

अशा वेळी मी पहिल्या वाढीव मागणीला हो-नाही काहीच म्हणत नाही. कोरा कागद पुढे सरकवतो. "अजून काय काय आहे ते सगळं लिहा, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी धरून. मग एकाच आकड्यावर बोलू." त्या दिवशी आगाऊ मेंटेनन्सही निघाला. मग भाऊ म्हणाला, "क्लबहाऊसचे देतो, पण वरच्या मजल्याचा जादा दर काढा." काहीतरी घेतल्याशिवाय काही सोडायचं नाही.

उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलंय. आमचं पार्किंग उघडंच होतं. शांतपणे हे सांगितल्यावर ती ओळ खोडली गेली. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही.

टोकनचा चेक आम्ही सही-शिक्क्याची यादी हातात पडल्यावरच फाडला.